भट्टी एक, वास घराघराचा

ईदला आठवडा उरला की सात रस्त्याच्या आसपासच्या वस्त्यांतून पातेली बाहेर पडू लागतात. विजापूर रोडकडची घरे असोत की होटगी रोडकडची, मैदा, रवा, पिठीसाखर आणि तूप घेऊन कोणीतरी जवळच्या बेकरीकडे निघालेले असते. काही जणी पीठ घरीच मळून नेतात, काही जणी बेकरीच्या ओट्यावर बसून नानखटाई वळतात. भट्टीवाले चाचा ट्रे देतात, नावाची चिठ्ठी लावतात, भाजण्याचे पैसे घेतात आणि तासा-दोन तासांनी गरम माल डब्यात भरून देतात. दिवाळीच्या आधी याच भट्टीपुढे आमच्या हिंदू शेजारणींचे डबे रांगेत असतात. ही रीत एका सोलापूरची नाही. पुणे, कोल्हापूर, मराठवाडा, पलीकडे विजापूर-गुलबर्गा, सगळीकडे ती कमी-अधिक प्रमाणात चालत आली आहे.

या रीतीत एक मौज आहे. मैदा एकाच दुकानातला, साखर तीच, भट्टी तर सगळ्यांची एकच. तरी डबा उघडताच जाणती बाई सांगते, ही अमक्याच्या घरची नानखटाई. हे तिला कशावरून कळते? मुख्यतः वासावरून. कोणाकडे वेलची पुढे असते, कोणाकडे जायफळ, कोणाकडे दोन लवंगांची किंचित झणक. सगळ्या पिठात मिळून तो मसाला एक चमचाही नसतो, पण घराची ओळख त्या चमचाभरात असते.

ती ओळख आता पुसट होऊ लागली आहे, असे आम्हाला वाटते. घरोघरी छोटे ओव्हन आले, मोबाइलवर कृती मिळू लागल्या, मुली हौसेने केक-बिस्किटे करू लागल्या. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण वेलची तयार पुडीतून येते आणि बाकीचा सुगंध इसेन्सच्या बाटलीतून. मग दहा घरांच्या नानखटाईला एकच वास येतो, तोही दुसऱ्या दिवशी उडून जातो. म्हणून या लेखात आम्ही स्वयंपाकघरातल्या एका जुन्या वस्तूची बाजू मांडणार आहोत. ती वस्तू म्हणजे खलबत्ता. जुने ते सोने म्हणायचे म्हणून नव्हे. भाजायच्या पदार्थांत तो आजही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचा उपाय आहे, म्हणून.

झाकण उघडले की अत्तर उडते

मसाल्याचा सुगंध म्हणजे तेल. वेलचीच्या दाण्यात, लवंगेच्या कळीत, दालचिनीच्या सालीत हे तेल बारीक बारीक पेशींत बंद असते. लवंगेत युजेनॉल, दालचिनीत सिनामाल्डिहाइड, ओव्यात थायमॉल ही त्यातली मुख्य द्रव्ये. ही सगळी हवेत उडणारी आहेत. अख्खा मसाला म्हणजे बूच लावलेली अत्तराची कुपी समजा. कुटला की बूच निघाले. त्या घडीपासून अत्तर उडू लागते, मग ते तुमच्या पिठात उतरो की दुकानाच्या फळीवर पडलेल्या पुडीतून जावो.

आपल्या सोलापुरात उन्हाळ्यात पारा सहज ४० अंशांच्या वर जातो. गॅसच्या शेगडीशेजारी, काचेच्या उघड्या बरणीत ठेवलेल्या पुडीचे काय होत असेल ते वेगळे सांगायला नको. अख्खी वेलची हवाबंद डब्यात, अंधारात वर्षभर टिकते. तिची पूड मात्र काही आठवड्यांतच फिकी पडू लागते.

कोणी म्हणेल, बिर्याणीत आम्ही तयार मसालाच घालतो, तेव्हा कुठे काय बिघडते? बिर्याणीची गोष्ट वेगळी आहे. तिथे मसाला चमच्या-चमच्याने पडतो, कांदा-लसूण-आले जोडीला असते आणि सगळे झाकणाखाली दमावर शिजते. नानखटाईचे, केकचे तसे नाही. पीठ, साखर आणि तूप यांना स्वतःचा असा तीव्र वास नसतो, त्यामुळे चिमूटभर मसाल्यावर सगळी भिस्त. शिवाय तो उघड्या ट्रेवर १६०-१७० अंशांच्या उष्णतेत २० मिनिटे राहतो. जो आधीच अर्धा उडालेला आहे तो भट्टीतून काय परत येणार? म्हणून भाजायच्या पदार्थात मसाला त्याच दिवशी, शक्य तर पीठ मळायच्या आधी कुटावा.

मिक्सर का नको, हाही प्रश्न येतो. वर्षाचा काळा मसाला, चटणीपूड, पावशेर गरम मसाला यांसाठी कांडप आणि मिक्सरच बरे, तिथे हाताचा हट्ट धरू नये. पण १० वेलच्यांचे दाणे मिक्सरच्या भांड्यात टाकले तर पात्याखाली येण्याऐवजी भिंतीला चिकटतात. अर्धे अख्खेच राहतात, आणि वेगाने फिरणारे पाते भांडे गरम करते ते निराळेच. खलबत्त्यात दाणा चिरडला जातो, तेल तिथेच सुटते. सोलापूरकरांना हे शिकवायला नको. शेंगा चटणी मिक्सरमध्ये फिरवली तर कोरडा भुगा होतो. उखळात कांडली की शेंगदाण्याला तेल सुटून ती ओलसर, एकजीव होते. नानखटाईच्या वेलचीलाही तोच न्याय लागू आहे.

हावनदस्ता आणि त्याची निगा

मराठीत ज्याला खलबत्ता म्हणतात त्याला आमच्या घरातल्या दखनीत हावनदस्ता म्हणतात. फारसीत हावन म्हणजे खल आणि दस्ता म्हणजे बत्ता किंवा मूठ. पुष्कळ घरांत ‘इमामदस्ता’ म्हणतात, तोही याच शब्दाचा बोलीत बदललेला उच्चार. नाव काहीही असो, भाजायच्या पदार्थांसाठी तो निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. खल खोल असावा, म्हणजे दाणे उडत नाहीत. बुड जड असावे, म्हणजे तो हलत नाही. आणि आतला तळ अगदी गुळगुळीत नसावा, म्हणजे दाणा घसरत नाही.

लोखंडी, पितळी, दगडी, तिन्ही चालतात. पितळी खलात कोरडे मसालेच कुटावेत, चिंच-लिंबू त्यात नको. नवा दगडी खल आणला की त्यात मूठभर तांदूळ कुटावेत आणि फेकून द्यावेत. पीठ करडे निघते तोवर दगडाची कच आहे असे समजावे. पांढरे निघाले की खल तयार. दगडी खलाला साबण लावू नये, दगड वास धरतो. गरम पाण्याने धुऊन उन्हात पालथा घालावा.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे लसूण आणि मिरचीचा खल वेगळा आणि वेलची-जायफळाचा वेगळा. दोन ठेवणे शक्य नसेल तर गोडाच्या आधी खलात चमचाभर रवा कुटून तो काढून टाकावा, मग वेलची घालावी. लसणाच्या वासाची नानखटाई पाहुण्यांपुढे ठेवावी लागली तर यजमानीण काय सांगणार!

कुटायचीही एक रीत आहे. खल तिसरा हिस्साच भरावा. खाली जुना टॉवेल चौघडी करून घालावा, सोलापुरात टॉवेलाला काय तोटा! आधी बत्ता सरळ वरून खाली, हलक्या ठोक्यांनी. दाणे फुटले की जोर कमी करून गोल फिरवावा. डाव्या हाताची ओंजळ खलाच्या तोंडावर धरावी. आणि एक युक्ती, वेलचीच्या दाण्यांबरोबर चमचाभर जाड साखर घालावी. साखरेचे खडे दाण्याला घासतात, पूड बारीक होते आणि सुटलेले तेल साखरेला लागून राहते. कृतीतल्या साखरेतून तेवढी साखर कमी करायला विसरू नये.

एकेका मसाल्याचा स्वभाव

*वेलची.* सालीसकट कुटू नये. सालीला वास कमी आणि धागे फार. दाणे काढून साली चहाच्या डब्यात टाकाव्यात. वेलचीचे मूळ घर केरळ-कर्नाटकातले पश्चिम घाटाचे डोंगर, पण आज जगात सर्वाधिक वेलची मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात पिकते. दुकानदार मोठी, टपोरी वेलची जास्त दराने देतो. टपोरेपण दिसायला छान असते, वास मात्र दाण्यावर ठरतो. एक बोंड सोलून पाहावे. दाणे काळपट, किंचित चिकट आणि एकमेकांना धरून असतील तर माल ताजा. वाळून फिकट तपकिरी झाले असतील तर परत द्यावा.

*जायफळ.* हे कुटायचे नव्हे, किसायचे किंवा सहाणेवर उगाळायचे. कुटले तर तेल सुटून लगदा होतो. जायफळाचे मूळ गाव इंडोनेशियातली बांदा बेटे. याच्यासाठी युरोपियनांनी एवढी युद्धे केली की १६६७ च्या ब्रेडाच्या तहात इंग्रजांनी तिथल्या रन नावाच्या इवल्याशा बेटावरचा हक्क सोडला आणि डचांनी अमेरिकेतल्या मॅनहॅटनवरचा. आज आपल्या कोकणातही जायफळ होते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ अशा जाती दिल्या आहेत. मात्र जायफळ चिमटीतच शोभते. अख्खे जायफळ पोटात गेले तर उलट्या, धडधड, भ्रम असा त्रास होऊ शकतो, म्हणून ते लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नये.

*दालचिनी.* बाजारात या नावाने दोन वस्तू मिळतात. एक जाड, कडक, लाकडासारखी साल. ती बहुधा कॅसिया. दुसरी कागदासारख्या पातळ पदरांची, विडीसारखी गुंडाळलेली, बोटांनी मोडणारी. ती खरी दालचिनी. खलबत्त्यात दुसरीच नीट कुटली जाते. पहिलीत कुमारिन नावाचे द्रव्य बरेच असते, ते रोज जास्त प्रमाणात गेल्यास यकृताला अपाय होऊ शकतो. युरोपीय संघाने तर भाजलेल्या पदार्थांतल्या कुमारिनची मर्यादा कायद्याने ठरवून दिली आहे. आपण सणाला चिमूटभर घालतो, त्याने घाबरायचे कारण नाही. पण मुलांना रोज दालचिनीची बिस्किटे द्यायची असतील तर पातळ सालीचीच घ्यावी. आणखी एक, यीस्टच्या पिठात दालचिनी जपून घालावी. ती यीस्टचा जोर कमी करते आणि पाव फुगत नाही.

*लवंग.* अर्ध्या किलो पिठाला दोन-तीन पुरे. तिचे डोके आणि दांडी दोन्ही चालते. जास्त झाली तर नानखटाईला दातदुखीच्या औषधाचा वास येतो, कारण ते औषधही लवंगेच्या तेलाचेच असते.

*सुंठ.* कुरआनमध्ये सूरह अद्-दहरमध्ये जन्नतच्या पेयाच्या संदर्भात जंजबीलचा, म्हणजे आल्याचा उल्लेख येतो, हे आपण जाणतोच. सुंठेचे तुकडे करून कुटावेत आणि मलमलच्या फडक्यातून किंवा बारीक चाळणीतून गाळावेत, धागे वर राहतात. गुळाच्या केकात आणि थंडीतल्या बिस्किटांत तिच्यासारखी ऊब दुसऱ्या कशाला नाही.

*बडीशेप, जिरे, ओवा.* बडीशेप आणि जिरे कोमट तव्यावर मिनिटभर फिरवून, थंड करून, जाडसर कुटावे. गरम असताना कुटले तर वाफ धरून पूड गोळा होते. ओव्याला खलाची गरज नाही, तळहातांवर चोळला तरी पुरे.

*केशर.* दहा-बारा काड्या किंचित कोमट करून, चिमूट साखरेबरोबर खलावर घासाव्यात आणि चमचाभर कोमट दुधात अर्धा तास ठेवाव्यात. शीरमालला रंग आणि वास दोन्ही येतो. न घासता टाकलेल्या काड्या अर्ध्या वाया जातात.

ढिगात हात घालून पाहावा

अख्खा मसाला आणण्याचा दुसरा लाभ म्हणजे त्याची पारख करता येते. बाजारातल्या धान्याच्या ढिगात हात घालून रसूलुल्लाह (स.) यांनी खालचे ओले धान्य उघड केले, हा प्रसंग आपल्या सर्वांना ठाऊक आहे. ढीग समोर असतो तोवर हात घालता येतो. बंद पुडीत काय दळले आहे ते मात्र गिऱ्हाइकाला दिसत नाही. लाकडाचा भुसा असो, तेल काढून घेतलेला चोथा असो, पूड झाली की सगळे एका रंगाचे.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने घरच्या घरी करायच्या काही साध्या तपासण्या सांगितल्या आहेत, त्या करून पाहाव्यात. लवंगा पेलाभर पाण्यात टाका. चांगली लवंग तळाशी जाते, तेल काढून घेतलेली तरंगते. मिरीचे दाणे टाका. मिरी बुडते, त्यात मिसळलेल्या पपईच्या बिया वर येतात. जिरे तळहातावर चोळा. हात काळा झाला तर रंगवलेले बी मिसळले आहे. आणि वेलची बोटांत चोळून पांढरी भुकटी लागते का तेही बघावे.

रमजानात विजापूर वेशीच्या मीना बाजारात सुक्या मेव्याबरोबर खडा मसालाही घेतला जातो. गर्दीत घाई होते, तरी खरेदी थोडीच करावी. एका ईदला ५० ग्रॅम वेलची, दोन जायफळे, १० ग्रॅम लवंग, २५ ग्रॅम पातळ दालचिनी एवढे घराला भरपूर होते. पावशेर घेऊन दोन वर्षे पुरवण्यात बचत नाही.

दुसऱ्या घरांचे वास

वासावरून घर ओळखण्याची गोष्ट आपल्यापुरती नाही. इजिप्तमध्ये ईदला ‘काहक’ नावाची बिस्किटे करतात. तिथेही बायका घरी पीठ मळून ट्रे मोहल्ल्याच्या भट्टीत पाठवत आल्या आहेत. त्या पिठात पडणाऱ्या मसाल्याचे नावच आहे ‘रीहत अल-काहक’, म्हणजे काहकचा सुगंध. सिरिया-लेबनॉनमधल्या ईदच्या ‘मामूल’मध्ये एका जातीच्या चेरीच्या बियांतला गर, महलब, कुटून घालतात. दूर उत्तरेकडे स्वीडनमध्ये गोड पावात वेलची घालतात, तीही जाडसर कुटलेली, दाताखाली येईल अशी.

आपल्याकडे पाहायचे तर गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळला बेबिंक होते. थरावर थर वरून निखाऱ्याच्या आचेने भाजतात आणि त्यात जायफळ हवेच. हैदराबादेत मोहरममध्ये बेकऱ्यांतून ‘दम के रोट’ मिळतात. त्यात रवा, तूप आणि सुकामेव्याबरोबर वेलची-केशर असते. मुंबईत ग्रँट रोडच्या बी. मेरवान या १९१४ पासूनच्या इराणी हॉटेलचा मावा केक ज्यांनी खाल्ला आहे, त्यांना आधी त्यातली वेलची आठवते. नानखटाईचा उगम सुरतेत डच आणि पारशी बेकरीवाल्यांच्या भट्टीत झाला असे सांगतात. सुरतेहून निघालेली ही बिस्किटे जिथे पोहोचली तिथल्या घराचा मसाला त्यांनी अंगाला लावून घेतला.

घरची नानखटाई

आमच्या घरात चालत आलेले माप देतो. यात सुमारे २४ नानखटाया होतात.

मैदा २०० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, बारीक रवा ५० ग्रॅम, घट्ट तूप १७५ ग्रॅम, पिठीसाखर १५० ग्रॅम, खाण्याचा सोडा पाव चहाचा चमचा, मीठ चिमूटभर, वेलची १०, लवंग १, जायफळ किसून दोन चिमटी. वरून लावायला पिस्ता किंवा चारोळी.

आधी वेलचीचे दाणे आणि लवंग चमचाभर साखर घालून बारीक कुटावे. वेलचीचे दहा-बारा दाणे वेगळे ठेवून ते फक्त ठेचावेत. बारीक पूड सगळ्या पिठात पसरते आणि ठेचलेला दाणा खाताना मध्येच दाताखाली येतो, दोन्ही हवे असतात. आता मुख्य गोष्ट. ही पूड मैद्यात न घालता तुपात घालावी. मसाल्याचे तेल तुपात विरघळते, तूप ते धरून ठेवते आणि भट्टीत ते कमी उडते. पूड घातलेले तूप १० मिनिटे तसेच ठेवून मग त्यात पिठीसाखर घालून हाताने किंवा लाकडी चमच्याने फेसावे. रंग पांढुरका आणि तूप हलके होईपर्यंत, साधारण ८-१० मिनिटे.

मैदा, बेसन, रवा, सोडा, मीठ दोनदा चाळून त्यात घालावे. जायफळ आता किसावे. पीठ कणकेसारखे तिंबू नये, हलक्या हाताने गोळा करावे. झाकून २० मिनिटे ठेवावे. रमजान दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे ईद कधी उन्हाळ्यात येते कधी थंडीत. उन्हाळ्यात तूप पातळ होते. तेव्हा पीठ पहाटे, सहरीनंतरच्या गारव्यात करावे किंवा वळलेले गोळे १० मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावेत, नाहीतर ट्रेवर पसरतात. थंडीत पीठ भुरभुरले तर चमचाभर तूप वाढवावे.

लिंबाएवढे गोळे करून किंचित दाबावे, अंतर ठेवून मांडावे. ओव्हन आधी १० मिनिटे तापवून १६५ अंशांवर १८ ते २२ मिनिटे भाजावे. कडा जरा सोनेरी झाल्या की काढावे. गरम असताना नानखटाई मऊच लागते, गार झाल्यावर खुसखुशीत होते, म्हणून भट्टीत जास्त वेळ ठेवू नये. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर द्यावा, त्यावर जाळी ठेवून झाकणासह १० मिनिटे तापवावे आणि लहान ताटलीत सहा-सहा नानखटाया मंद आचेवर २५ मिनिटे भाजाव्यात. आणि ज्यांच्या गल्लीत भट्टी आहे त्यांनी भट्टीतच द्याव्यात. चार घरच्या बायका एका ओट्यावर बसतात, याची बरोबरी ओव्हन करू शकत नाही.

इफ्तारनंतरच्या चहाला खारे हवे असेल तर याच मापात साखर ३० ग्रॅमवर आणावी, वेलची-जायफळाऐवजी चमचाभर जाडसर कुटलेले जिरे, अर्धा चमचा ओवा आणि सात-आठ ठेचलेली मिरी घालावी. मीठ अर्ध्या चमच्यापर्यंत वाढवावे.

दोन ग्रॅमचा हिशेब

वेलची महाग म्हणून इसेन्स, असे पुष्कळ जणी म्हणतात. हिशेब करून पाहू. १० वेलच्यांचे वजन सुमारे २ ग्रॅम. वेलचीचा दर किलोला ३ हजार रुपये धरला तरी २ ग्रॅमचे ६ रुपये होतात. म्हणजे २४ नानखटायांना ६ रुपये, एका नानखटाईला ४ नानखटाईंमागे एक रुपया या दराने पाव रुपया. त्याच ट्रेमध्ये तुपाचा खर्च याच्या कितीतरी पट असतो. शंभर-सव्वाशे रुपयांचे तूप ओतायचे आणि ६ रुपयांच्या मसाल्यात हात आखडायचा, हे कोणते गणित? शिवाय ताजी कुटलेली वेलची कमी लागते. शिळ्या पुडीचे दोन चमचे घालूनही जो वास येत नाही तो दहा दाण्यांनी येतो.

हा हिशेब घरून विक्री करणाऱ्या भगिनींनी जास्त मनावर घ्यावा. आपल्या शहरात अनेक घरांचा आधार पूर्वी यंत्रमाग आणि विडी होता. आता काही जणी ईद-दिवाळीच्या ऑर्डर घेऊन केक, नानखटाई, खारी करू लागल्या आहेत. दुकानाच्या मालाशी त्या दरात टक्कर देऊ शकत नाहीत, कारण दुकानदार पोत्याने मैदा घेतो. पण दुकानदार हजार नानखटायांसाठी सकाळी बसून वेलची कुटणार नाही. तिथेच घरगुती मालाचा विजय आहे. गिऱ्हाईक परत येते ते त्या वासासाठी.

त्यांना दोन-तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. मसाला ऑर्डरच्या दिवशीच कुटावा आणि मापाने, चिमटीच्या अंदाजाने नव्हे. पाच रुपयांचा फरक पडला तर चालेल, पण दर खेपेला चव सारखी हवी. डब्यावर घटक स्पष्ट लिहावेत. सुकामेवा, दूध, गहू यांचे काही जणांना वावडे असते. तूप लिहिले असेल तर डब्यात तूपच असावे, वनस्पती असेल तर वनस्पती लिहावे, त्यात कमीपणा नाही. आणि विक्री नियमित असेल तर अन्न सुरक्षा नोंदणी करून घ्यावी, छोट्या घरगुती धंद्यासाठीही ती लागते.

बत्ता कोणाच्या हातात?

शेवटी एक बोलायलाच हवे. हाताने कुटा म्हणणे सोपे, पण रोजा धरून, दोन वेळचा स्वयंपाक करून, मुलांचे आवरून पुन्हा खलबत्ता कोणी घ्यायचा? पूर्वी घरात सासू, नणंदा, जावा असत, काम वाटले जाई. आज पुष्कळ घरांत एकच बाई. तिच्या मनगटाला दुखणे असेल तर तिच्यावर खलबत्ता लादणे बरे नव्हे.

म्हणून हे काम घरातल्या बाकीच्यांकडे द्यावे. १० वेलच्या कुटायला पाच मिनिटे लागतात, त्यात मुलगा किंवा घरधनी यांचे काही बिघडत नाही. घरकामात हात लावणे ही तर सुन्नत आहे. आठ-दहा वर्षांच्या मुलांना खलबत्ता फार आवडतो. त्यांच्यापुढे तीन बोंडे, चमचाभर साखर आणि लाकडी बत्ता ठेवावा, त्यांना वासावरून वेलची, लवंग, दालचिनी ओळखायला सांगावे. वीस वर्षांनी ती मुले परगावी, परदेशी असतील तेव्हा घरची आठवण त्या वासानेच येईल.

शेजाऱ्यांचाही विचार असावा. फ्लॅटमध्ये सहरीच्या वेळी फरशीवर ठोके घातले तर खालच्या मजल्यावरचे आजारी माणूस जागे होते. टॉवेल दुहेरी घालावा, किंवा असरनंतरची वेळ धरावी.

येत्या ईदला एवढे करून पाहावे. एका ट्रेमध्ये तयार पुडीची नानखटाई आणि दुसऱ्यात त्याच सकाळी कुटलेल्या वेलचीची, बाकी माप तेच. दोन्ही एकाच भट्टीत भाजावे, दोन डब्यांत भरावे, वर काही लिहू नये. तिसऱ्या दिवशी घरातल्या मोठ्या माणसांपुढे आणि मुलांपुढे दोन्ही डबे उघडावेत. कोणता डबा आधी संपतो ते पाहून पुढच्या वर्षीची खरेदी ठरवावी.